विचारा की! : "डायरेक्ट करून दिलंय" म्हणजे नेमकं काय करून दिलंय?

पाडवा झाला की सोलापुरात घरोघरी दोन गोष्टी बाहेर निघतात, माठ आणि कूलर. माठाचं काही नाही, गळला तर गळला. कूलर मात्र दरवर्षी मला पत्रं आणून देतो आणि यंदा तर कूलर, गिझर, फ्रीज, मोटर असं सगळंच सेकंडहँडचं आलंय. जुनं घेण्यात कमीपणा काही नाही, माझ्या स्वतःच्या घरातला फ्रीज जुना घेतलेला आहे आणि झकास चालतोय. पण यावेळच्या पत्रांत एक शब्द सारखा दिसला, "डायरेक्ट", म्हणजे मधला सेफ्टीचा भाग काढून वायरी सरळ जोडून टाकणं. मेकॅनिकनं डायरेक्ट करून दिलं, दुकानदार म्हणाला डायरेक्ट आहे काय टेन्शन नाही. म्हणून ती आणि तसल्याच जुगाडाची पत्रं आधी घेतलीत, बाकीच्यांनी रागावू नका.

सर, आम्ही विडी घरकुलला राहतो, मी घरीच विड्या वळते. मागच्या महिन्यात पत्र्याचा जुना कूलर घेतला १८०० ला. पाणी भरताना हाताला मुंग्या यायच्या. मेकॅनिकला बोलावलं तर त्यानं प्लग उलटा करून लावला अन म्हणला आता नाही येणार, आणि खरंच कमी झालं. पण परवा पोरगं ओल्या हातानं जाळीला टेकलं अन दचकून मागं पडलं. मिस्टर म्हणतात कूलर म्हटल्यावर एवढं तेवढं असतंच. काय करू?

ताई, आधी उठून प्लग काढा, मग बाकीचं वाचा.

मुंग्या येतात म्हणजे पत्र्यात करंट उतरतोय. पायात चप्पल असेल, फरशी कोरडी असेल म्हणून मुंग्यांवर भागलं. अंगातनं एक मिलिअँपिअर गेला की मुंग्या जाणवतात, दहाच्या आसपास गेला की मूठ आपोआप आवळते आणि सोडवता येत नाही, तीसच्या वर थोडा वेळ जरी गेला तरी हृदयाचं काम बिघडू शकतं. ओल्या हातापायांनी २३० व्होल्टच्या पत्र्याला हात लागला तर शंभरच्याही कितीतरी पुढं जातो. पोरगं मागं पडलं हे चांगलं झालं, मुठीत जाळी आली असती तर सुटलं नसतं. मिस्टरांना हे वाचून दाखवा, मोठ्यानं.

आता प्लग उलटा केल्यावर कमी का झालं ते बघा. टू-पिन प्लग आहे तुमचा, हे तुम्ही न लिहिताच कळलं, कारण थ्री-पिन उलटा लागतच नाही. मोटरच्या किंवा पंपाच्या वायंडिंगचं, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीचं, एक टोक कुठंतरी कमजोर झालंय, तिथनं करंट पत्र्यात झिरपतोय. त्या टोकाला फेज होता तेव्हा जास्त मुंग्या, उलटा केल्यावर तिथं न्यूट्रल आला म्हणून कमी. कमजोर जागा आहे तिथंच आहे, उद्या अजून सडली की दोन्हीकडून लागेल. आणि एक वाईट गोष्ट वाढली ती वेगळीच. कूलरवरचं बटण आता कदाचित न्यूट्रल तोडत असेल, म्हणजे बटण बंद केलं, पंखा थांबला, तुम्ही निर्धास्त होऊन आत हात घातला तरी आतल्या मोटरला, पंपाला फेज आलेलाच.

बहुतेक वेळा दोष पंपाचा असतो. तो पाण्यात बुडालेला असतो, वर्षभर कोरड्यात पडून त्याचं सील तडकतं, मग पाणी आत जातं. साध्या पंपांना दोनच वायरी असतात, अर्थची नसतेच, म्हणून तो बिघडला की टाकीतलं पाणी आणि पत्रा दोन्ही जिवंत. त्याच्या वायरीचा जोड बघा कुठाय. नुसता पीळ देऊन वर काळी टेप मारून टाकीच्या काठावर लोंबकळत ठेवलेला असेल, दहातल्या आठ जुन्या कूलरला मी हेच बघितलंय.

काय करायचं: पंप नवीन बसवा. आतनं बाहेरपर्यंत तीन कोरची वायर, थ्री-पिन प्लग, आणि हिरवी, म्हणजे अर्थची, वायर पत्र्याला बोल्टनं घट्ट. इथं एक बारीक गोष्ट लोक विसरतात, बोल्टखालचा रंग खरवडून पत्रा चकचकीत करायचा, नाहीतर रंगावर बसवलेली अर्थ म्हणजे देवळाच्या बाहेरनंच केलेला नमस्कार. मग सॉकेटमधली अर्थ खरी आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून टेस्ट लॅम्पनं बघून घ्या, पुष्कळ जुन्या घरांत वरचं मोठं भोक असतं आणि मागं वायरच नसते. घरमालक तयार असेल तर मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा, म्हणजे करंट कुठं गळला की लगेच लाईट तोडणारा स्विच. एमसीबी आहे की आमच्याकडं, असं सगळे म्हणतात. एमसीबी वायर वाचवायला आहे ओ, ६ अँपिअरचा एमसीबी ६००० मिलिअँपिअरच्या वर गेल्याशिवाय हलत नाही, आणि माणसाला पाऊणशे पुरतात. आणि काही झालं तरी पाणी भरताना प्लग काढलेला पाहिजे, बटण बंद असून चालत नाही.

नमस्कार. जुळे सोलापूरला फ्लॅटमध्ये भाड्यानं राहतो. १५ लिटरचा जुना गिझर ओळखीच्याकडून घेतला. पाणी गरम होत नव्हतं म्हणून एकाला दाखवला, त्यानं थर्मोस्टॅट खराब आहे म्हणून तो डायरेक्ट केला, २०० रुपये घेतले. आता पाणी मस्त कडक येतं. फक्त खालच्या व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी येतं, त्याला बूच मारू का?

मारू नका! उद्गारचिन्ह मी सहसा वापरत नाही.

डायरेक्ट केला म्हणजे काय केलं, तर पाणी पुरेसं तापल्यावर कॉइलचा करंट तोडणारा जो भाग होता तो काढून त्याच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडल्या. आता कॉइलला थांबायला सांगणारं कुणी नाही. हिशोब सोपा आहे, २ किलोवॅटच्या कॉइलला १५ लिटर पाणी २५ वरून ६० डिग्रीला न्यायला अठरा-वीस मिनिटं लागतात. तुम्ही बटण दाबून फोनवर बोलत बसलात आणि चाळीस मिनिटं झाली की त्याच टाकीत पाणी उकळायला लागतं. उघडं पातेलं असतं तर वाफ निघून गेली असती, इथं टाकी बंद. दाब वाढत जातो, पाणी शंभरच्या वर तापूनही पाणीच राहतं, आणि टाकीची शिवण सुटली की एका क्षणात त्यातल्या काही पाण्याची वाफ होते, जी पाण्याच्या सोळाशे पट जागा मागते. बाथरूमची भिंत जाते म्हणतात ते उगाच नाही.

तरीही तुमचा गिझर अजून भिंतीवर आहे याचं कारण बहुधा तो थेंब थेंब गळणारा व्हॉल्व्ह. जास्तीचा दाब बाहेर सोडायलाच तो ठेवलेला असतो, आणि तुम्ही नेमकं त्यालाच बूच मारायचं विचारताय. थर्मोस्टॅटच्या मागं अजून एक सेफ्टी असते, थर्मल कटआउट, थर्मोस्टॅट फसला तर करंट तोडणारा. तुमच्या माणसानं त्याचं काय केलं हे त्यालाच विचारा, कारण तो जागेवर असता तर एव्हाना एकदा तरी ट्रिप झाला असता आणि तुम्ही तसं लिहिलं असतंत. मला वाटतं तोही डायरेक्ट आहे.

थर्मोस्टॅट आणि कटआउट दोन्ही आयएसआय मार्कचे नवीन बसवा, व्हॉल्व्ह बदला, तोपर्यंत चुलीवर नाहीतर गॅसवर पाणी तापवा. बोअरचं पाणी वापरत असाल तर कॉइलही काढून बघायला सांगा. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं कॉइलवर चुन्याचा असा थर बसतो की बाजरीच्या भाकरीसारखी जाड दिसते, मग आतली उष्णता पाण्यात जात नाही, कॉइलचं कवच तापून तडकतं आणि फेज थेट आंघोळीच्या पाण्यात. अंगावर पाणी घेताना गिझरचं बटण बंद ठेवायची सवय लावून घ्या, दुरुस्तीनंतरसुद्धा.

भवानी पेठेत माझी छोटी मेस आहे. जुना सिंगल डोअर फ्रीज घेतला, गॅस संपला होता. भरायला आलेला मुलगा म्हणाला जुना गॅस महाग पडतो, नवीन गॅस भरतो, कमी लागतो आणि लाईट बिल पण कमी येतं. भरून घेऊ का?

ताई, त्याला एकच विचारा, मागच्या प्लेटवर कुठला गॅस लिहिलाय. जुन्या फ्रीजवर आर-१३४ए लिहिलेलं असेल, हा पेट घेत नाही. तो जो नवीन म्हणतोय तो बहुतेक आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या ब्युटेनचा सख्खा भाऊ, फरक एवढाच की सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो आणि ह्याला नसतो, म्हणजे गळला तरी नाकाला पत्ता नाही.

गॅस वाईट नाही. आजकालच्या बहुतेक नव्या फ्रीजमध्ये हाच असतो आणि तो सुरक्षित असतो, कारण तो फ्रीज त्याच्यासाठीच बनवलेला असतो, आतली बटणं, थर्मोस्टॅट, दिव्याचा स्विच सगळं ठिणगी बाहेर पडणार नाही असं. कॉम्प्रेसरवर पिवळ्या त्रिकोणात ज्वाळेचं चित्र असतं. तुमच्या जुन्या फ्रीजमधला थर्मोस्टॅट दर थोड्या वेळानं "टक्" करतो ना, तो टक् म्हणजे छोटीशी ठिणगी. हवेत हा गॅस दोन टक्क्यांच्याही थोडा खाली असतानाच पेट घेऊ शकतो, म्हणजे १९० लिटरच्या बंद फ्रीजमध्ये आठ-दहा ग्रॅम गळला तरी पुरे. रात्रभर गळत राहिला आणि पहाटे टक् झालं तर दरवाजा समोरच्या भिंतीला. त्यात तुमची मेस, शेजारी शेगडी पेटलेली.

तेव्हा जो गॅस लिहिलाय तोच. भरताना नळीला ब्रेझिंग, म्हणजे ज्योतीनं जोड, करायचं असेल तर आधी आतला गॅस पूर्ण काढायला लावा आणि हे काम मेसच्या बंद खोलीत न करता अंगणात करा. अजून एक, गळती शोधायला तो कुठला सिलिंडर जोडतोय ते बघा. प्रेशर टेस्टला नायट्रोजन लागतो. काही जण हाताशी असलेला वेल्डिंगचा ऑक्सिजन भरतात, ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरमधलं तेल दाबाखाली एकत्र आलं की स्फोट होतो, भरणाऱ्याच्याच तोंडावर. काळ्या रंगाचा, म्हणजे ऑक्सिजनचा, सिलिंडर जोडताना दिसला तर त्या मुलाला चहा पाजून परत पाठवा.

पाणी पाच दिवसाआड येतं, नळ आला की मोटर लावावीच लागते. मोटर जळाली होती, भरून आणली. आता बोर्डाजवळ अर्थिंग नाही म्हणून वायरमननं सॉकेटमध्येच वायरचा एक तुकडा टाकून अर्थ केली. बरोबर आहे ना? साखर पेठ.

काका, चूक आहे. नळाला थेट मोटर लावणं नियमात बसत नाही ते तुम्हालाही माहितीये, आपण दोघं सोलापूरचेच, त्यावर बोलत नाही. पण तो तुकडा आजच काढा. त्यानं न्यूट्रल आणि अर्थ आतल्या आत जोडलीय. रोज काही जाणवणार नाही, टेस्टर लावला तर सगळं ठीक दिसेल. ज्या दिवशी वाऱ्यापावसात खांबावरची किंवा मीटरजवळची न्यूट्रल सुटेल त्या दिवशी फेज मोटरमधनं फिरून त्याच तुकड्यातनं मोटरच्या बॉडीवर येणार, मोटर एकदम चांगली असली तरी. मोटर लोखंडी नळाला जोडलेली असली तर नळ पण आला त्यात आणि तुम्ही ओल्या अंगणात उभे. वेगळी अर्थ घ्या, खड्डा काढून. खांबावरचं काम असेल तर महावितरणला १९१२ वर कळवा, आपण हात घालू नका.

भरून आणलेल्या मोटरचं मेगर केलं का, म्हणजे करंट बॉडीत झिरपत नाही ना हे मीटरनं मोजलं का, एवढं त्या भरणाऱ्याला विचारा, वायंडिंग ते बॉडी किमान एक मेगाओहम पाहिजे.

साहेब, मी स्वतः रिपेअरिंग करतो, वीस वर्ष झाली. तुमचं सदर वाचून गिऱ्हाईक येऊन आमच्याशी भांडतात. गिऱ्हाईकाला नवीन पार्टचे पैसे द्यायचे नसतात, वरनं म्हणतात तात्पुरतं चालू करून दे. ओरिजिनल पार्ट मिळत नाही. आम्ही नाही केलं तर पलीकडचा करतो. आम्हीच चोर का?

भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही चोर नाही, आणि गिऱ्हाईकाबद्दल लिहिलंय त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. दीड हजाराचा गिझर घेणारा माणूस पाचशेचा थर्मोस्टॅट म्हटलं की तोंड वाकडं करतो. वर ज्यांनी पत्रं लिहिलीत त्यांच्यापैकी कुणी किती घासाघीस केली असेल ते मला काय माहीत.

माझं सांगतो. आयटीआयला शिकवायला लागायच्या आधी मी अशोक चौकाजवळ एका वायंडिंगच्या दुकानात हाताखाली होतो. एक इस्त्रीवाले काका यायचे, त्यांच्या इस्त्रीचा थर्मोस्टॅट गेला. सण तोंडावर, कपड्यांचा ढीग पडलेला, म्हणाले पोरा आजच्या दिवस चालव. मी डायरेक्ट करून दिली, पाच मिनिटांचं काम, आणि वर शहाणपणा असा की "काका मधनं मधनं बटण बंद करत जा" असं सांगून मोकळा झालो. संध्याकाळी ते इस्त्री उभी करून जेवायला घरात गेले, इस्त्री कलंडली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक नऊवारी आणून दाखवली, घडी केलेली. सगळ्या पदरांतनं आरपार इस्त्रीच्या आकाराचा काळा त्रिकोण, सोळा वेळा. टेबल जळालं होतं, माणसं वाचली. साडी कुणाच्या तरी आईची होती. काका मला एक शब्द बोलले नाहीत, पैसे सुद्धा परत मागितले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. त्यांना मी म्हणालो होतो की मधनं मधनं बंद करा, पण जेवताना कोण लक्षात ठेवतंय. थर्मोस्टॅट ठेवलेला असतो तो आपण विसरतो म्हणूनच.

तेव्हा पलीकडचा करतो तर करू दे. तुम्ही बिलावर लिहायला लागा, "थर्मोस्टॅट नवीन टाकला, कटआउट तपासला", आणि जुना पार्ट पिशवीत घालून गिऱ्हाईकाच्या हातात द्या. पार्ट नाही मिळाला तर वस्तू तशीच बंद परत करा आणि बघायचे पैसे घ्या, ते हक्कानं घ्या. तीन कोरची वायर संपली म्हणून हिरवी वायर फेजला वापरू नका, पुढचा माणूस ती अर्थ समजून बॉडीला जोडतो. आणि गिऱ्हाईकहो, तुम्हाला पण सांगतो, "तात्पुरतं" म्हणून केलेलं काम सोलापुरात चार-चार उन्हाळे चालतं, तेव्हा तो शब्दच मेकॅनिकपुढं काढू नका.

दादा मी इंजिनीअरिंगला आहे, रूमवर जुना मायक्रोवेव्ह आणलाय, दरवाजा नीट लागत नाही म्हणून चालू होत नाही. व्हिडिओ बघून आतला स्विच शॉर्ट करू का? प्लग काढूनच करणार आहे.

नको रे. दरवाज्याचे ते मायक्रो स्विच दरवाजा उघडा असताना लहरी बाहेर येऊ नयेत म्हणून आहेत. आणि प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये दोन हजार व्होल्टच्या पुढचा चार्ज राहू शकतो, घरगुती वस्तूंमध्ये प्लग काढल्यावरही मारू शकणारी हीच एक ठळक. मी तीस वर्ष हे काम शिकवलं, मायक्रोवेव्ह मी पण घरी उघडत नाही. भंगारात दे आणि मेस लाव, भवानी पेठेतल्या ताईंची आहेच.

जुनी वस्तू दुकानातनं घेताना काय बघायचं? आणि फसवलं तर जुन्या वस्तूची तक्रार करता येते का?

दुकानात अर्धा तास चालवून दाखवायला सांगा, दोन मिनिटांत सगळंच चालतं. स्क्रूचे खाच बघा, झिजून गोल झाले असतील तर ती बऱ्याच वेळा उघडलेली आहे. प्लगची वरची जाड पिन मोडलेली किंवा कापलेली असेल तर तिथंच ठेवा, ती लांब असते कारण ती आधी लागली पाहिजे आणि शेवटी सुटली पाहिजे. वायर हातात घेऊन थोड्या थोड्या अंतरावर दाबत जा, मध्येच कुठं गाठ लागली तर जोड आहे. आणि सरळ विचारा, "यात काय डायरेक्ट केलंय?" उत्तरापेक्षा दुकानदाराचं तोंड बघा.

तक्रार करता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये स्वतःच्या वापरासाठी पैसे देऊन घेतलेली वस्तू आणि दुरुस्तीची सेवा दोन्ही येतात, वस्तू नवीच पाहिजे असं नाही. आधी १९१५ ला फोन करा, नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. फक्त बिल मागून घ्या, आणि बिल नाहीच दिलं तर पैसे यूपीआयनं द्या आणि वस्तू उघडायच्या आधी तिचे चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा, मागच्या प्लेटचा सुद्धा.